काचेवरचा खबऱ्या

आजचा विषय वाचून माझ्या जुन्या वाचकांना वाटेल, ह्या बाईंना ह्या वयात झालंय तरी काय! आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, इथे लिहिलं ते शाळेच्या आठवणींवर, सणावारांवर, फार तर गुडघेदुखीवर. आणि आता एकदम पिकअप ट्रक आणि रडार डिटेक्टर? पण मंडळी, विषय वाटतो तितका परका नाही. ज्यांनी ज्यांनी परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक म्हणून येरझाऱ्या घातल्या आहेत, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायला वेळ नसलेल्या भाचेमंडळींची सोय होईल. ह्या यंत्रावर सरकारने बंदी घालावी असं मला वाटत नाही. पण ज्या गाडीत एखादं पोर गाडी चालवायला शिकतंय, त्या गाडीच्या काचेवर ते नसावं. आमच्या घरात ह्यावरून बरीच वादावादी झाली आणि अजून ती पुरती मिटलेली नाही.

माझा मुलगा टेक्सासात ऑस्टिनच्या पश्चिमेला राहतो. टेकड्याटेकड्यांचा भाग आहे, 'हिल कंट्री' म्हणतात. त्याचं काम बांधकामाच्या साइटवरचं, त्यामुळे गाडी म्हणजे पिकअप. पुढे माणसं, मागे उघडा हौदा. आपल्याकडच्या टेम्पोची श्रीमंत थोरली बहीणच म्हणा ना! चढायला पायरी लागते, आणि मला पायरी चढूनही वर नातवाचा हात लागतो. साइटच्या वाटेवर एक छोटं गाव आहे. तिथे वेगमर्यादा एकदम खाली येते आणि पाटीच्या थोडं पुढे पोलिस उभा असतो. तिथे मुलाला दोनदा दंड झाला. दुसऱ्या दंडानंतर त्याने रडार डिटेक्टर मागवला.

आता हे काय प्रकरण असतं ते माझ्यासारख्या कलाशाखेच्या लोकांसाठी सांगते. पोलिसांचं रडार रेडिओलहरी सोडतं. त्या गाडीवर आपटून परत येतात. गाडी जवळ येत असेल तर परत येणाऱ्या लहरींची कंपनं थोडी वाढलेली असतात. स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या मेलची शिटी येताना चढी आणि पुढे गेल्यावर एकदम उतरलेली ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. २४.१५ गिगाहर्ट्झच्या 'के' बँडवर ताशी एका मैलामागे सुमारे ७२ कंपनांचा फरक पडतो. रडार तो फरक मोजतं आणि वेगाचा आकडा दाखवतं. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी ग्लास्टनबरी गावात १९४७ पासून ह्याचे प्रयोग केले आणि फेब्रुवारी १९४९ पासून त्यावरून दंड करायला सुरुवात केली.

डिटेक्टर मात्र स्वतः काहीच मोजत नाही. तो फक्त ऐकतो. मला कळलं ते असं : अंधाऱ्या रात्री कोणी बॅटरी घेऊन तुम्हाला शोधतंय. त्याला तुम्ही दिसायला हवे असाल तर उजेड तुमच्यापर्यंत येऊन पुन्हा त्याच्या डोळ्यापर्यंत परत जायला हवा. पण त्याची बॅटरी तुम्हाला दिसायला उजेडाने एकदाच प्रवास केला तरी पुरतं. म्हणून तुम्ही त्याला दिसण्याच्या कितीतरी आधी तो तुम्हाला दिसतो. डिटेक्टरचं सगळं गणित एवढंच. अर्थात पोलिसही काही भोळे नाहीत. गाडी जवळ येईपर्यंत ते बॅटरी बंदच ठेवतात आणि मग एकदम पेटवतात. काहींकडे लेझर असतो. त्याचा झोत हजार फुटांवर जेमतेम तीन-चार फूट रुंद असतो. डिटेक्टर ओरडेपर्यंत तुमचा वेग त्यांच्याकडे नोंदलेला असतो.

एका रविवारी बापलेकांनी मिळून ते यंत्र बसवलं. यंत्र जेमतेम कंपासपेटीएवढं. काचेवर वरच्या बाजूला, आरशाजवळ. पिकअप उंच असल्यामुळे पुढच्या गाड्यांच्या टपांवरून त्याला लांबचं 'ऐकू' येतं. हौद्यावर झाकण किंवा अवजारांची मोठी पेटी असेल तर मात्र मागच्या बाजूचं ऐकणं कमी होतं. वायर लोंबकळत ठेवायची नाही म्हणून ती छताच्या अस्तरात खोचली आणि काचेच्या कडेच्या खांबातून फ्यूजपेटीपर्यंत आणली. त्या खांबाच्या आत एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून नेली तर अपघाताच्या वेळी फुगा नीट उघडायचा नाही, म्हणून ती मागून न्यायची. आणि जोड द्यायचा तो किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवर, नाहीतर सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली! नातू मन लावून सगळं करत होता. बाप एकेक गोष्ट समजावून सांगत होता. खरं सांगते, असं एकत्र काम करणारे बापलेक बघायला फार छान वाटलं. माझा आक्षेप त्या वायरिंगला नव्हताच.

यंत्र बेकायदा आहे का? टेक्सासात नाही. खाजगी गाड्यांत ते वापरायला राज्य म्हणून बंदी आहे ती फक्त व्हर्जिनियात, शिवाय राजधानी वॉशिंग्टन डी.सी.मध्ये. मोठ्या व्यापारी गाड्यांना मात्र देशभर मनाई आहे. त्यात एक गंमत पिकअपवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. धंद्यासाठी राज्याबाहेर जाताना मागे जड ट्रेलर जोडला आणि दोन्हींची मिळून वजनक्षमता १०,००१ पौंड, म्हणजे साधारण साडेचार हजार किलो किंवा त्याहून जास्त झाली, की तीच पिकअप कायद्याच्या नजरेत व्यापारी वाहन ठरते. मग काचेवरचं यंत्र काढून ठेवायचं.

मुलाची बाजूही मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ती पोकळ नाही. तो म्हणतो, "आई, वेगमर्यादा नेहमी सुरक्षेसाठीच असते असं तुला वाटतं?" आणि इतिहास त्याच्या बाजूने थोडा बोलतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि अख्ख्या देशाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. उद्देश तेल वाचवण्याचा. मोकळ्या, सरळ, मैलोन् मैल रिकाम्या रस्त्यांवरही ५५! लोकांना ते पटलं नाही. ट्रकवाले सीबी रेडिओवरून एकमेकांना पोलिसांची खबर देऊ लागले. ओहायोतल्या डेल स्मिथ यांचा 'फझबस्टर' नावाचा डिटेक्टर गाजला तो ह्याच दशकात, आणि १९७८ मध्ये सिनसिनाटीहून 'एस्कॉर्ट' बाजारात आला. १९८७ मध्ये गावाबाहेरच्या आंतरराज्य महामार्गांवर ६५ ची मुभा मिळाली आणि १९९५ मध्ये ती देशव्यापी मर्यादाच रद्द झाली. पण वीस वर्षांत लोकांना एक सवय लागून गेली होती : पाटीकडे बघायचं नाही, पोलिसाकडे बघायचं.

दुसरा मुद्दा पैशाचा. ओहायोत न्यू रोम नावाचं एक गाव होतं. २००० च्या शिरगणतीत लोकवस्ती ६०! तिथे मर्यादा ४५ वरून एकदम ३५ वर यायची आणि गावाचा कारभार चालायचा तो मुख्यतः वाटसरूंच्या दंडावर. शेवटी २००४ मध्ये ते गाव म्हणून बरखास्तच झालं. फ्लोरिडातल्या वाल्डो गावात पोलिसांना दंडाच्या पावत्यांचा कोटा ठरवून दिल्याच्या तक्रारी झाल्या आणि २०१४ मध्ये तिथलं पोलिस खातंच बंद केलं गेलं. खुद्द टेक्सासात कायदा आहे की पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावाने वाहतुकीच्या दंडातून किती पैसे स्वतःकडे ठेवावेत ह्याला मर्यादा असावी. आदल्या वर्षीच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत, त्यावरचे राज्याच्या तिजोरीत. असा कायदा करावा लागतो ह्याचा अर्थ दुखणं खरं आहे.

हे सगळं मला मान्य आहे. आमच्या वेळीही मुलांना नापास करण्यासाठीच पेपर काढणारे परीक्षक होते की! अशा परीक्षकाबद्दल तक्रार करावी, आंदोलन करावं. पण म्हणून कॉपीला मान डोलवावी का?

आता मूळ मुद्द्यावर येते. दहावी-बारावीच्या परीक्षेत भरारी पथक नावाचा प्रकार असतो हे तुम्हाला माहीतच आहे. काही केंद्रांवर काय चालायचं तेही माहीत असेल. शाळेच्या कुंपणाबाहेर, फाट्यावर, कुणाच्या तरी भावाची नेमणूक. पथकाची जीप वळली की त्याची शिटी. शिटी झाली की वर्गातल्या चिठ्ठ्या क्षणात गायब. पथक येतं, बघतं, सगळं आलबेल! जीप धूळ उडवत गेली की चिठ्ठ्या पुन्हा बाहेर. काचेवर बसवलेला तो डबा पहिल्यांदा ओरडला तेव्हा मला त्या फाट्यावरच्या भावाची आठवण झाली. फरक इतकाच, की ह्या भावाला शेकडो डॉलर मोजावे लागतात.

त्या मुलांचं नुकसान नेमकं काय व्हायचं? ती पकडली जायची, हे नव्हे. बरीचशी पकडली जायचीच नाहीत. नुकसान हे, की तीन तास त्यांचं लक्ष प्रश्नपत्रिकेवर नसायचंच. ते दाराकडे असायचं.

माझा नातू पंधरा वर्षांचा आहे. टेक्सासात पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो आणि आईवडिलांनी स्वतः मुलाला गाडी शिकवण्याची तिथे कायदेशीर सोय आहे. धडे झाल्यावर किमान ३० तास मोठ्या माणसाला शेजारी बसवून सराव, त्यातले १० तास रात्री. म्हणजे त्या पिकअपमध्ये माझा मुलगा नुसता बाप नाही, मास्तर आहे! आणि वर्गात मास्तर जे बोलतो त्यापेक्षा मुलं तो जे करतो तेच शिकतात, हे मी पस्तीस वर्षं पाहिलंय.

मागच्या सीटवर बसून मी काय पाहिलं ते सांगते. सुपरमार्केटच्या जवळून जाताना यंत्र ओरडलं. आपोआप उघडणाऱ्या दारांचे सेन्सर त्याच बँडवर असतात, ते त्याला पोलिस वाटतात. बाप म्हणाला, "ते दार आहे, सोड." शेजारून एक नवी गाडी गेली, तिच्या बाजूला बघणाऱ्या रडारमुळे पुन्हा ओरडलं. "ती गाडी आहे, सोड." मग एकदा वेगळ्या सुरात ओरडलं, "हा खरा!" आणि पोराचा पाय झटकन वर. पाच-सात मैलांत पोर तीन प्रकारचे आवाज ओळखायला शिकलं. मला कौतुक वाटलं आणि धास्तीही. पहिल्या महिन्यात कान कशाला लागले? तर खऱ्या-खोट्या पोलिसाच्या आवाजाला.

आणि त्याच आठवड्यात, सूर्य मावळताना, एका अरुंद फार्म-टू-मार्केट रस्त्यावर वळण संपलं आणि कडेच्या गवतात हरणं उभी. त्या भागात हरणांचा सुळसुळाट आहे, तिन्हीसांजेला तर जास्तच. पोराचं लक्ष डब्यावरच्या लुकलुकत्या दिव्याकडे होतं. "हरीण!" म्हणून बाप ओरडला, ब्रेक लागला, हरणं उड्या मारत पलीकडे गेली. झालं काहीच नाही. पण मी मनात म्हटलं, हरीण कुठल्याच बँडवर येत नाही. वळणही येत नाही. पावसात ओढ्यावरून वाहणारं पाणी नाही, सायकलवरचं पोर नाही, पुढच्या ट्रेलरमधून निसटलेला पाइप नाही. रस्त्यावर जीव घेणारं जे जे आहे ते सगळं मुकं आहे. बोलतो तो एकटा पोलिस, आणि तो तर जीव घेणार नसतो!

मुलाचा यावर एक ठरलेला युक्तिवाद आहे. "पण आई, त्याच्यामुळे मी हळू होतो ना?" होतोस बाबा, पण जिथे पोलिस आहे तिथे. जिथे धोका आहे तिथे नव्हे. दोन्ही जागा एकच असतील तेव्हा ठीक. हे तिथल्या रस्ते खात्यांनीही ओळखलं होतं. रस्त्याचं काम चालू असलेल्या ठिकाणी पोलिस नसताना नुसत्या रडारलहरी सोडणारं यंत्र ठेवायचे, म्हणजे डिटेक्टरवाले घाबरून वेग कमी करतील. शेतातलं बुजगावणंच! उपाय कामाचा आहे, मजुरांचे जीव वाचत असतील तर आनंदच आहे. पण बुजगावणं पाखरांसाठी असतं. माणसाला बुजगावण्याने हाकावं लागणं ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

आपल्याकडे आपण फार शहाणे आहोत असं मी म्हणत नाही. हेल्मेट कोपरात अडकवून सिग्नलजवळ 'मामा' दिसले की डोक्यावर चढवणारे आपल्या घरोघरी आहेत. समोरून येणारा दिवे मिचकावून "पुढे मामा आहेत" सांगतो ते तर आपण परोपकार समजतो. आता वेझसारख्या ॲपमध्ये तेच काम फोन फुकटात करतो. म्हणून तर मी बंदीच्या बाजूची नाही. एक डबा बंद केला तर दुसरा येईल. व्हर्जिनियात डिटेक्टर ओळखणारी यंत्रं पोलिसांनी वापरली, तर कंपन्यांनी त्या यंत्रांना न सापडणारे डिटेक्टर काढले. चोर-शिपायाचा हा खेळ संपणारा नाही.

मग पोराला शिकवायचं काय? माझ्या मते, आकड्यामागचं कारण. ऑस्टिन ते सॅन अँटोनिओच्या बाजूला स्टेट हायवे १३० नावाचा टोल रस्ता आहे. २०१२ पासून त्याच्या काही भागावर ताशी ८५ मैलांची, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरची मुभा आहे, अमेरिकेतली सर्वांत जास्त. तीच पिकअप, तोच चालक, आणि शाळेसमोर मात्र २०. का? हा प्रश्न पोराला पडू दे. वेग ६० वरून ७५ केला तर तो सव्वापट होतो, पण गाडीतली ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून अधिक, आणि ती सगळी ब्रेकला जिरवावी लागते. पिकअप रिकामी असतानाच दोन टनांच्या घरात. हौद्यात सिमेंटची पोती टाका आणि मग हिशोब करा. ताशी ७५ मैलांना गाडी एका सेकंदात ११० फूट जाते. त्या लुकलुकत्या दिव्याकडे एक सेकंद बघितलं की ११० फूट रस्ता न बघता कापला! हे गणित एकदा पोटात गेलं की पाटीवरचा आकडा कधी शहाणपणाचा आहे आणि कधी गावाच्या तिजोरीसाठी आहे, हेही त्याचं त्याला कळेल. आणि तिजोरीसाठी असेल तिथेही दंड टाळायचा सर्वांत स्वस्त उपाय आकडा पाळणं हाच आहे, हेसुद्धा!

वाद घालून घालून शेवटी आमच्यात एक तह झाला. पोर चाकामागे असेल तेव्हा यंत्राची वायर काढून ठेवायची. बाप एकटा असेल तेव्हा त्याची मर्जी. ह्या नव्या यंत्रांत जीपीएस असतं आणि आपण ठरवलेल्या वेगापुढे गेलो की सूचना देण्याची सोयही काहींत असते. मुलाच्या यंत्रात ती आहे. ती मी चालू करायला लावली. त्याला ते पसंत नाही. म्हणतो, "पैसे मी दिले आणि पर्यवेक्षक तू नेमलास!" मी म्हटलं, "अरे, आधी खबऱ्या होता, त्याला बढती दिली."

नातवाचं मत मी मुद्दाम विचारलं नाही. तो कुणाचं ऐकतो ते वर्षभराने, खिशात परवाना आणि शेजारची सीट रिकामी असताना कळेल. तेव्हा ना बाप असेल, ना आजी, ना डबा. आम्ही शिक्षक लोक निकालाची वाट बघण्यात तसे मुरलेले असतो, पण हा निकाल कुठल्याही वर्तमानपत्रात येणार नाही. रोज संध्याकाळी तो सुखरूप घरी आला, एवढाच.

तुमच्या घरी कोणी सध्या गाडी शिकत असेल तर तुम्ही काय करता, जरूर कळवा. "आमचा मुलगा फार हळू चालवतो" असं कोणी लिहिलंत तर मात्र मी विश्वास ठेवणार नाही!